विल्फच्या ताटातला हॅडॉक

७ फेब्रुवारी १९९५, मंगळवार

जिलियनने ही डायरी नाताळात दिली तेव्हा म्हणाली होती, "आई, मनात येईल ते हिच्यात लिहीत जा, म्हणजे मला फोनवर तासभर ऐकावं लागणार नाही." पोटची पोर, पण जीभ माझीच घेतलीय. इतके दिवस वही तशीच पडून होती. आज उघडली, कारण डोक्याचा पार भुगा झालाय आणि विचारावं कुणाला तेच कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी विल्फच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलातली आहार सांगणारी मुलगी, मिस प्रिचर्ड, तिने आम्हा नवराबायकोला समोर बसवून दम भरला. तळलेला मासा बंद, बटाट्याच्या जाड चिप्स बंद, लोणी बंद. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर उभं आयुष्य मासे तळण्यात घालवलेल्या माणसाला हे! विल्फ म्हणाला, "म्हणजे बेकरीवाल्याला पाव बंद." दुकानातल्या कढयांमध्ये सुद्धा गाईच्या चरबीऐवजी तेल घाला, असं ती म्हणाली. त्यावर विल्फ म्हणाला, "माझ्या मढ्यावरून घाला." म्हणून दुकानात चरबीच राहिली, पण विल्फच्या ताटातला तळलेला मासा मी बंद केला तो केलाच. दिवसभर हा अख्ख्या गावाला तळून घालायचा आणि रात्री दुकानावरच्या घरात येऊन उकडलेला हॅडॉक मासा आणि उकडलेला बटाटा गिळायचा. एकदा चोरून चिप्स खाताना सापडला तर मी भर गिऱ्हाइकांत त्याच्या हातावर चापट मारली होती.

आणि गुण आला ना! शरद ऋतूपासून वजन असं उतरलं की विजारी कमरेत आवळून घ्याव्या लागल्या. गावभर मीच सांगत सुटले, बघा, माझ्या उकडलेल्या माशाची करामत. मग जानेवारीत तो पिवळा दिसायला लागला आणि कढईपाशी उभं राहवेना. तपासण्या झाल्या. आज बोलावलं होतं.

मोठे डॉक्टर बराच वेळ बोलले. ऑपरेशन करायचं नाही म्हणाले, सुटले बाई मी, विल्फला सुईचीही भीती. त्रास होऊ देणार नाही, घरीच ठेवा, नर्स येत जाईल, असंही म्हणाले. चांगला माणूस. बाहेर आलो तर तीच मिस प्रिचर्ड. माझा हात धरून म्हणाली, "मिसेस हॅक्सबी, आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. लोणी, साय, काहीही."

मी विचारलं, "तळलेला मासा?"

"हवा तेव्हा."

"चरबीत तळलेला?"

"हो, तसाच."

आता सांगा, वेडं कोण? ती, मी, की ते आहारशास्त्र? दोन वर्षांत हॅडॉक बदलला की माणसाचं पोट बदललं?

घरी येताना विल्फ गाडीच्या खिडकीतून समुद्राकडे बघत होता. मी म्हटलं, "ऐकलंस ना?" तो म्हणाला, "ऐकलं." मग म्हणाला, "बाईंचा हुकूम आहे, ऑड्री. तळ."

९ फेब्रुवारी

तळला! सगळ्यात जाड तुकडा निवडला, कातडं काढलं, पीठ ताजं भिजवलं. वर नेऊन दिला. त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी जिन्यात जाऊन रडले, आनंदानेच. अर्धा खाल्ला. बाकीचा नंतर खातो म्हणाला. दोन वर्षांत सवय गेलीय, दुसरं काय.

१४ फेब्रुवारी

वाचनालयात जाऊन आले. म्हटलं, मिस प्रिचर्डच्या शब्दावर जाण्यापेक्षा आपणच बघावं माशात असतं तरी काय. तिथे एक जाडजूड पुस्तक आहे, त्यात जगातल्या प्रत्येक खाण्यातलं सत्त्व छापलंय. "हॅडॉक, पिठात बुडवून तळलेला" अशी ओळच आहे. मला फार भरून आलं. उभं आयुष्य जे करतोय ते पुस्तकात!

शंभर ग्रॅमला साधारण दोनशे तीस कॅलरी. प्रथिनं सतरा ग्रॅम, स्निग्ध चौदा, पिष्ट दहा. आणि वाफवलेला साधा हॅडॉक? नव्वद कॅलरी. स्निग्ध एक ग्रॅमसुद्धा नाही!

म्हणजे माशात चरबी नाहीच. आहे ती सगळी वरच्या पिठाच्या अंगरख्यात. मला इतक्या वर्षांत हे कुणी असं आकड्यांत सांगितलं नव्हतं. आमचा तुकडा औंसांत, पुस्तक ग्रॅममध्ये, हॉस्पिटलचा काटा किलोत आणि आमच्या न्हाणीघरातला स्टोनमध्ये. या इंग्लंडात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. तरी घरी येऊन हिशोब केला. एक तुकडा पिठासकट पाचशेच्या पुढे जातो. चिप्स धरल्या तर हजाराच्या वर. रोज एक ताट पोटात गेलं तर माणूस ईस्टरपर्यंत टुणटुणीत व्हायला हवा.

विल्फला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मी काय सांगत होतो? आपण मासा तळतच नाही. तळतो तो अंगरखा. मासा आत आपल्याच वाफेवर शिजतो."

"मग दोन वर्षं मी उकडून घातला तो काय वेगळा होता?"

"अंगरखा नव्हता ना. थंडी वाजत होती बिचाऱ्याला."

हसता हसता त्याला ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबेना. पाणी दिलं.

२३ फेब्रुवारी

आता उलटंच होऊन बसलंय. मिस प्रिचर्ड तेव्हा म्हणायची, खायचाच झाला तर वरचं पीठ काढून आतलं खा. आणि मी आता ओरडतेय, "आतलं राहू दे, वरचं खा! सगळी ताकद वरच आहे!" विल्फ म्हणतो, "तुम्हा बायकांचं एकदा ठरू द्या, तोवर मी वाटाणे खातो." वाटाण्याचा लगदा दोन चमचे खाल्ला. त्यात लोणी घातलं होतं, सांगितलं नाही.

२ मार्च

ताट रोज रिकामं येतंय! अगदी चाटूनपुसून. मी चार वाजता दुकान उघडायच्या आधी वर नेऊन ठेवते आणि गर्दी ओसरली की आणायला जाते, तर एक कण नाही. म्हणून आज त्याला न्हाणीघरातल्या काट्यावर उभं केलं. मागच्यापेक्षा कमी.

काटा बिघडला असेल म्हणून मी स्वतः उभी राहिले. काटा मुळीच बिघडलेला नाही.

४ मार्च

आज दोन तुकडे दिले. दोन्ही संपले. कमाल आहे.

१२ मार्च, रविवार

जिलियन लीड्सहून आली होती. बापाजवळ बराच वेळ दार लावून बसली. मग खाली येऊन माझ्याबरोबर उद्याचे बटाटे सोलायला लागली, तर डोळ्यांतून टपटप पाणी. मी विचारलं, काय झालं गं? म्हणते, कांदा. आमच्या दुकानात कांदा असतो तो व्हिनेगरच्या बरणीत, झाकण घट्ट लावलेला.

"आई," ती म्हणाली, "डॉक्टरांनी तुला नीट सांगितलंय ना?"

"सांगितलं की. जे हवं ते खाऊ घाला म्हणाले. तेच करतेय."

"आणि ते का म्हणाले?"

"शास्त्र बदललं असेल. अंड्यांचं नाही का झालं तसं? आधी चांगली, मग वाईट, मग परत चांगली."

तिने सोलणी खाली ठेवली आणि मला मिठी मारली. बटाट्याच्या ओल्या हातांनी, माझ्या चांगल्या स्वेटरला. या मुलीचं मला काही कळत नाही. मी तिला म्हटलं, तुझ्या बाबांचं खाल्लेलं अंगी का लागत नाही ते सांग, शिकलीयस ना एवढी? ती म्हणाली, "बाबांनाच विचार." जाताना मात्र माझं ऐकून एक मासा बांधून घेतला.

१६ मार्च

हर्बर्ट डव्ह आला होता. म्हातारा कोळी, बोट विकली पण बोटीवरची जीभ ठेवली. काउंटरवर रेलून म्हणतो, "ऑड्री, तुझ्या माशात हल्ली काय घालतेस गं?"

"का? तक्रार आहे?"

"माझी नाही. तुझ्या वरच्या खिडकीत बसतो ना तो सीगल, त्याचं पोट बघितलंस? त्याला आता उडायला धावपट्टी लागेल."

सगळी रांग हसली. मी म्हटलं, तू आधी स्वतःचं पोट बघ. पण दुकानात मदतीला असते त्या पॉलिनला काउंटरवर उभी करून बाहेर जाऊन बघितलं तर खरंच, विल्फच्या खिडकीच्या कठड्यावर तो ढोल्या बसलेला, मालकासारखा. विल्फचं आणि सीगलचं हाडवैर. गिऱ्हाइकाच्या हातातून मासा पळवतात म्हणून तो झाडू घेऊन रस्त्यावर धावायचा. आता अंगात त्राण नाही हे त्या मेल्याला कळलं असणार. वर जाऊन हाकलला. विल्फ म्हणाला, "बसू दे गं, सोबत होते." आजारपणाने माणूस मऊ होतो म्हणतात ते खोटं नाही.

२१ मार्च

नर्स ओकली येऊन गेली. दुखण्यावरचं औषध वाढवलंय. मी तिला सगळे आकडे सांगितले, कॅलरी, प्रथिनं, चरबी. म्हटलं, एवढं जातंय तर जातंय कुठे? पोटात जंत तर नाहीत? तिने पिशवी आवरली. मग म्हणाली, "मिसेस हॅक्सबी, त्यांना काट्यावर उभं करायची आता गरज नाही."

म्हणजे वजन वाढायला लागलं असावं. तिने नजरेनेच ओळखलं असेल, त्यांना सवय असते.

तरी झोप लागत नाही. चरबी नवीन मागवली आहे. पीठ थोडं जाड धरते, म्हणजे अंगरखा जाड होईल.

२९ मार्च

आज पीठ लवकर संपलं म्हणून मी मध्येच वर गेले, जाड गाळणी आणायला. दार ढकललं.

खिडकी उघडी. विल्फ उशीला टेकून बसलेला, ताट मांडीवर. माशाचे छान छोटे तुकडे करत होता, आधी फुंकर घालून निववत होता आणि एकेक त्या सीगलला देत होता. कठड्यावर नाही, हातातून.

मी म्हटलं, "विल्फ, काय चाललंय?"

"जेवण."

"कुणाचं?"

"आम्हा दोघांचं." मग म्हणाला, "त्याचंच जास्त."

"सगळे मासे?"

"पहिला नाही. पहिला अर्धा मी खाल्ला. देवाशपथ, ऑड्री, तसा मासा मी जन्मात खाल्ला नव्हता. पण मग जाईना. घास तोंडात फिरतो नुसता."

माझा पारा असा चढला! म्हटलं, मी इथे ग्रॅम मोजतेय, वाचनालयात खेटे घालतेय, आणि तू त्या हलकट पाखराला पोसतोयस? सांगायला तोंड नव्हतं तुला? मी काय तुला खायला उठले असते? बरंच बोलले. खाली पॉलिन हाका मारत होती. सीगल जायला तयार नाही, ताटाकडे बघतोय.

विल्फने मला बोलू दिलं. मग म्हणाला, "दोन वर्षं तू उकडलेलं आणून ठेवायचीस ना, तेव्हा माझ्याकडे न बघता जायचीस. आता तळून आणतेस तेव्हा जिन्यात गुणगुणत येतेस. मला वाटलं, नाही म्हटलं तर ते थांबेल."

मी खाटेवर बसले. म्हटलं, "अरे पण वजन कसं वाढणार मग?"

"नाही वाढायचं आता."

"का नाही?"

"तुला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही! सगळे माझ्याशी असे बोलतात, ताकास तूर लागू देत नाहीत. जिलियन रडते, नर्स विषय बदलते. कुणीतरी सरळ सांगा ना रे!"

मग त्याने सांगितलं. सरळ. ईस्टरच्या पुढे फारसं नाही, असं डॉक्टर त्या दिवशीच म्हणाले होते. "तू माझ्या शेजारीच बसली होतीस, ऑड्री. माझा हात धरून."

बसले होते खरी. मला वाटतं, मी तेव्हा निघताना कढई बंद केली होती का ते आठवत होते.

३० मार्च

विल्फ जाणार आहे. लिहिलं एकदाचं.

३ एप्रिल

मिस प्रिचर्डला फोन केला. म्हटलं, "म्हणजे मासा चांगला म्हणून तुम्ही द्या म्हणाला नव्हतात?"

"नाही, मिसेस हॅक्सबी."

"मग वाईट आहे?"

"आता तो प्रश्न उरला नाही."

"आणि दोन वर्षं उकडलेलं घातलं, ते?"

"तेव्हा ते बरोबर होतं. त्यांच्या हृदयासाठी."

"पण आताचं दुखणं हृदयाचं नाहीच ना?"

"नाही."

"मग त्याने ती दोन वर्षं मासा खाल्ला असता तर?"

मला वाटलं फोन तुटला. मग हळूच म्हणाली, "मला खरंच माहीत नाही." पहिल्यांदा मला ती मुलगी आवडली. तिलाही माहीत नाही, मलाही नाही, त्या जाड पुस्तकालाही नाही. पण माझ्या मनातून ते जात नाही. त्याला भूक होती तेव्हा मी हातावर चापट मारली, आणि आता ताट घेऊन मागे लागले तर भूक नाही. यात माझं काय चुकलं ते सापडत नाही आणि चुकलं नाही असंही वाटत नाही.

८ एप्रिल

दोन दिवस वर काहीच तळून नेलं नाही, नुसता चहा. आज विल्फ म्हणाला, "कंटाळलीस?"

"तुला नको ना?"

"मला नको. पण वास येतो खालून. सगळ्या गावाला मिळतो, मलाच नाही."

"मग आणू?"

"तू खा. मी बघतो."

मी म्हटलं, वेडा आहेस, संध्याकाळी मला वेळ कुठे असतो. तो म्हणाला, "तेच तर. लग्नाला एवढी वर्षं झाली, एकदा तरी संध्याकाळी एकत्र जेवलोय का आपण? लोकांची जेवायची वेळ ती आपली तळायची वेळ."

विचार केला. खरंच नाही. तो कढईपाशी, मी काउंटरवर, आणि मग पाळीपाळीने उभ्याउभ्याने काहीतरी तोंडात. मी स्वतःच्या दुकानातला मासा खाली बसून, काट्याचमच्याने, शेवटचा कधी खाल्ला ते आठवतच नाही.

१४ एप्रिल, गुड फ्रायडे

आज दुकान बंद ठेवलं.

हे वाक्य आमच्या धंद्यातल्या कुणी वाचलं तर मला वेड्यांच्या इस्पितळात नेतील. गुड फ्रायडेला अख्खं गाव मासा खातं, अकरापासून कोपऱ्यापर्यंत रांग लागते, वर्षभराची कमाई एकीकडे आणि हा दिवस एकीकडे. विल्फने न्यूमोनिया असताना, आणि जिलियनच्या जन्माच्या आदल्या दिवशी मी, कधी हा दिवस सोडला नव्हता. पॉलिनला कालच सांगितलं, येऊ नकोस. ती म्हणाली, "बाई, बरं नाही का तुम्हाला?"

दारावर पाटी लावली तरी लोक आले. काच वाजवत होते. हर्बर्ट खालून ओरडला, "ऑड्री! पोप मेला का काय?" मग कुणीतरी त्याला हळू आवाजात काही सांगितलं असावं, कारण काच वाजायची थांबली आणि रांगही पांगली.

मी एकच कढई तापवली. चांगला तुकडा होता, पांढराशुभ्र. चिप्स केल्या, ताट घेतलं, वर गेले. जिन्यात गुणगुणायचा प्रयत्न केला, पण सूरच लागेना.

विल्फ खूपच बारीक झालाय. बोलायलाही दम लागतो. म्हणाला, "रांग?"

"परत पाठवली."

"गुड फ्रायडेला?" त्याचे डोळे एवढे मोठे झाले. "बाई, तू माझं नाव बुडवणार." पण हसत होता.

मी खुर्ची खाटेला लावून बसले. तो म्हणाला, आधी मला जरासा. मी अंगरख्याचा कुरकुरीत कोपरा मोडला आणि त्याच्या जिभेवर ठेवला. चावलं नाही त्याने, नुसता धरून ठेवला, विरघळेपर्यंत. मग म्हणाला, "झकास. तुझ्या हाताला तोड नाही, ऑड्री." आणि माझ्याकडे बघत राहिला, मी कधी खाते म्हणून.

मी घास घेतला. पिठात मीठ घालायला विसरले होते. एक कणही नव्हतं. नुसतं अळणी पीठ आणि चरबी.

तो बघत होता. म्हणाला, "कसा झालाय?"

मी म्हटलं, "झकास झालाय रे." आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत सगळा खाल्ला.